लिंबू लावलेली संगीन

आमच्या घरात संगीन होती आणि बंदूक नव्हती. हे ऐकलं की लोक हटकून विचारतात, "मग तिचा उपयोग काय?" बंदूक असणाऱ्यांनी संगिनीचा काय उपयोग केला ते त्यांनी आधी सांगावं, मग मी सांगतो. आमची यादी मोठी निघेल.

ती आणली थोरल्या आजोबांनी, म्हणजे माझ्या आजोबांच्या वडील भावाने. ते तरुणपणी हिंगोलीच्या छावणीत शिपाई होते. छावणी मोडली तेव्हा सरकारने त्यांची बंदूक परत घेतली, पट्टा घेतला, बूट घेतले, आणि संगीन मागायचं विसरलं. निदान ते तसं सांगत. माझ्या आजोबांचं म्हणणं वेगळं होतं, पण मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. किती शत्रू मारले असं विचारलं की थोरले आजोबा मिशीवरून हात फिरवून "लय" एवढंच म्हणत. खरं त्यांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं. साहेबाच्या तंबूत संगीन टोकाकडून जमिनीत रोवायची आणि वर आलेल्या नळीत मेणबत्ती लावायची, हे काम त्यांच्याकडे होतं. सगळी नोकरी त्यांनी मेणबत्त्या लावल्या.

आता लोकांनी संगीन पाहिली असेल तर सुरीसारख्या पात्याची. आमची तशी नव्हती. हातभर लांबीचा तीन कडांचा सुळा, आणि मुळाशी लोखंडाची आखूड नळी. कडा तीन, पण धार एकीलाही नव्हती. कोथिंबिरीची काडीसुद्धा तिने चिरत नसे. नळीला एक वाकडीतिकडी खाच होती. आधी सरळ, मग आडवी, मग पुन्हा सरळ. ती कशासाठी हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आईला वाटे, नळीला तडा गेलाय. बंदूकच नसल्यामुळे संगीन बंदुकीवर कशी बसते हे बघायची वेळ कधी आली नाही.

उपयोग मात्र रोज होता. एका वेळी चार वांगी खोचून चुलीत भाजायची. मोटेच्या नाड्याची ओलीने आवळलेली गाठ तिच्या टोकाने सोडवायची. नारळाचे डोळे फोडायचे, पोत्यात खुपसून खालची ज्वारी कोंदट लागली का ते बघायचं. पुढे मास्तरकीच्या दिवसांत एका फाटक्या मासिकात मी वाचलं, की पहिल्या पहिल्या संगिनी म्हणे बंदुकीच्या तोंडात थेट बुचासारख्या ठोकत. मग बंदूक उडत नसे. शत्रू अंगावर आला की शिपायाने आधी ठरवायचं, गोळी घालायची का भोसकायचं, आणि एकदा बूच ठोकलं की विषय संपला. एवढ्या शहाण्या लोकांनी शोधलेल्या वस्तूवर आम्ही वांगी भाजली, तर काय बिघडलं?

पण तिचं खरं मोठेपण लग्नात. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती लोखंड द्यायचं आणि टोकाला लिंबू खोचायचं. दृष्ट लागू नये, वारंवावधान, भूतखेत जवळ येऊ नये म्हणून. इतर गावांत कट्यार असते, सुरी असते, गरिबाघरी नुसता अडकित्ता. आमच्या गावात मात्र संगीन. आमच्या घरची असली तरी गावातल्या एकूण एक नवरदेवाने ती धरलेली. लिंबू इतक्या उंचावर दिसे की मुलीकडची माणसं वेशीपासूनच नमून वागत. नियम एकच होता. हळद उतरेपर्यंत लोखंड हातातून सोडायचं नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना मुठीत.

या नियमाची राखणदार माझी आत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीअखेरीस वैशाखात माझं लग्न ठरलं. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो, उर्दू सातवी झालेला, स्वतःला फार शहाणा समजणारा. हळदीच्या दिवशी संगीन माझ्या हातात देताना आत्या म्हणाली, "हात अवघडला तर अवघडू दे, पर खाली ठेवायचं न्हाई. त्या कोपऱ्यावरच्या घरातल्यानं पानी प्यायला खाली ठेवली, अन् काय झालं? बायको वीतभर उंच निघाली."

मी हसलो. पण ठेवली नाही, हेही सांगतो. कारण मला ते लग्न मोडायला नको होतं.

मुलगी पिंगळीच्या टेशनापासून कोसभर आतल्या गावची. बघायला गेलो तेव्हा मास्तर म्हणून मलाही सोबत नेलं होतं. ती पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली आणि माझ्या चुलत्यांनी नेमकी तेव्हाच तपकीर ओढली. चिमूट ताटलीत सांडली. दुसरी मुलगी असती तर मान खाली घालून ताटली पुढे केली असती, आणि चुलत्यांनी ते पोहे खाल्लेही असते. ही म्हणाली, "काका, तुमची तपकीर पोह्यात सांडली. बदलून आणते." चुलते घरी येईपर्यंत "तोंडाळ हाय, तोंडाळ हाय" म्हणत राहिले. मला ती फार आवडली. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अडचण होती ती सासऱ्यांची. हा माणूस वेळेला असा पक्का, की थोरल्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड उशिरा आलं म्हणून त्याने ते वेशीवरूनच परत पाठवलं होतं आणि मुलगी त्याच मांडवात दुसऱ्याला दिली होती. या खेपेला दुसरा तयारच होता. मुलीच्या आत्याचा मुलगा. भाचीवर पहिला हक्क आमच्या पोराचा, असं ती आत्या चारचौघांत बोलून बसलेली. तो लग्नाला नवं धोतर आणि नवा फेटा घेऊन येणार आहे, हे आमच्यापर्यंत आधीच आलं होतं. मुहूर्त गोरज होता. गोरज चुकला की ती त्याची. इतकी साधी गोष्ट.

म्हणून आम्ही उजाडताच बैलगाड्या जुंपल्या. चुडाव्याच्या टेशनावर दुपारची पॅसेंजर गाठायची, पिंगळीला उतरायचं, तिसऱ्या प्रहरी जानवशाला टेकायचं. वेळ भरपूर होता.

वाटेवरच्या गावात कडुलिंबाच्या झाडाखाली एक पोलीस चौकी होती. एक खोली, दोन जवान, दोन बंदुका आणि मेंदी लावलेल्या दाढीचा एक म्हातारा जमादार. जमादार वडिलांचा दोस्त. आमच्या हुरड्याला तो दर वर्षी यायचा आणि संगिनीवरचं वांगं मागून घ्यायचा. आमच्या गाड्या बघून तो हात पसरून रस्त्यात आडवा आला.

"पाटील, मेरेकू बचाव," तो म्हणाला. "आज मुआयना है. साहब आके सब गिनते. बंदूक दो हैं, संगीन एकच है."

"दुसरी कुठं गेली?" वडिलांनी विचारलं.

"बावडी में."

झालं होतं असं, की चौकीची घागर विहिरीत पडली. ती काढायला जमादाराने दोरीला संगीन बांधून गळासारखी सोडली. दोरी तुटली. मग पोहणारा माणूस उतरवला, त्याने घागर वर आणली. संगीन मात्र गाळात गेली. सरकारी कागदावर दोन संगिनी, हातात एक घागर. साहेब परभणीहून येणार, आणि एक संगीन कमी दिसली की जमादाराची इतक्या वर्षांची नोकरी जाणार. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वडील भिडस्त माणूस. ते म्हणाले, "न्या की आमची. आपलंच घर हाय."

"हात लावायचा न्हाई!" आत्या गाडीतून ओरडली. "हळद लागलीया त्याला!"

मग रस्त्यात चर्चा सुरू झाली. जमादाराने कुराणाची शपथ घातली, आत्याने खंडोबाची. वाजंत्रीवाल्यांनी मत दिलं. शेवटी वडिलांनी तोड काढली, आणि ती सगळ्यांना इतकी पटली की मला कोणी विचारलंच नाही. "संगीन पोराच्या हातातून सुटत न्हाई ना? मग पोरगंच उभं करा. घटकाभराचं काम."

अशा रीतीने मुंडावळ्या बांधलेला, हळदीने पिवळाधमक झालेला मी दोन जवानांच्या मधे ओळीत उभा राहिलो. वऱ्हाड चौकीच्या मागे लपवलं. जमादार म्हणाला, नुसती संगीन हातात चालणार नाही, ती बंदुकीवर चढलेली पाहिजे. चौकीतल्या संगिनी खटक्याच्या, दाबल्या की बसणाऱ्या. आमच्या नळीचा मामला त्याला उमजेना. जाता जाईना तशी त्याने शेजारच्या घरातून खलबत्त्याचा बत्ता आणला आणि माझ्या मुठीला धक्का न लावता ती एका जवानाच्या बंदुकीच्या तोंडावर ठोकली. टोकाचं लिंबू दोनदा पडलं, आत्याने दोनदा खोचलं. संगीन बसली. नंतर सहज ओढून बघितली तर ती हलेना. जवानाने ओढली, दोघांनी ओढली, वडिलांनी बंदूक धरली आणि चुलत्यांनी मला धरून ओढलं. हलेना.

"रहने दो," जमादार घाम पुसत म्हणाला. "साहब गये के बाद देखेंगे."

साहेब सकाळी यायचे ते आलेच नाहीत. ऊन डोक्यावर आलं. लांबून दुपारच्या पॅसेंजरची शिटी ऐकू आली. गाडी गेली. आमच्या घोळक्यातला एक बांगड्या विकणारा कासार तेवढा धावत जाऊन तिच्यात बसला. तो काही वऱ्हाडातला नव्हता, गंमत बघायला थांबला होता. मी बंदूक धरून उभा राहिलो आणि नव्या फेट्यातला तो आतेभाऊ मला डोळ्यांपुढे दिसू लागला. खरं सांगतो, मी रडलो. मुंडावळ्यांमुळे कोणाला दिसलं नाही.

साहेब आले ते पॅसेंजर गेल्यावर. जाड भिंगांचा चष्मा, अतिशय सभ्य माणूस, बोलणं साखरेसारखं. मोजायचं ते सामान, माणसं त्यांच्या यादीत नव्हती. त्यांनी घागर बघितली, कुलूप बघितलं, आणि मग ओळीतून चालत माझ्यापुढे येऊन थांबले.

"जमादार, ये जवान इतना पीला क्यूँ है?"

"यरकान, हुजूर," जमादार म्हणाला. यरकान म्हणजे कावीळ.

"और माथे पे ये क्या लटक रहा है?"

"तावीज़ है, हुजूर. यरकान का."

साहेबांनी चष्मा पुसला. मग वर बघितलं. "और ये लीमू?"

जमादाराने लिंबाकडे एकदा बघितलं. "ज़ंग के वास्ते, हुजूर. लीमू लगाये तो लोहे को ज़ंग नहीं लगता."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी जवळची वही काढून ते लिहून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते कळवळून म्हणाले, "बीमारी में भी ड्यूटी पे हाज़िर! शाबाश. बंदूक रख दो, बेटा. आराम करो."

मी बंदूक ठेवली नाही. ठेवणार कशी? चौकीच्या कोपऱ्याआडून आत्याचा एक डोळा माझ्यावर होता.

"नहीं छोड़ता, हुजूर," जमादार म्हणाला. "बहोत वफ़ादार है."

साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिला. या जवानाला संध्याकाळच्या पॅसेंजरने परभणीच्या दवाखान्यात न्यावं, जमादाराने जातीने सोबत जावं, आणि बंदूक त्याच्या हातून कोणी जबरदस्तीने काढून घेऊ नये, मनाला धक्का बसेल. साहेब स्वतःही त्याच गाडीने परत जाणार होते. पिंगळी परभणीच्या अलीकडचंच टेशन.

असं माझं वऱ्हाड निघालं. मी, बंदूक, बंदुकीवर संगीन, संगिनीवर लिंबू, शेजारी जमादार, मागे बायाबापड्या आणि वाजंत्री. चुडाव्याच्या फलाटावर साहेबांनी ही सगळी गर्दी बघितली आणि विचारलं, "ये सब कौन?"

"मरीज़ के रिश्तेदार, हुजूर."

"अच्छे लोग हैं," साहेब म्हणाले. "बाजा भी लाये हैं."

पिंगळीला आम्ही दुसऱ्या बाजूने उतरलो. साहेबांचा डबा पुढे निघून गेला आणि जमादाराने कपाळाला हात लावून आभाळाकडे बघितलं. दिवस बुडायला आला होता. कोसभर वाट. गुरं घराकडे चाललेली, त्यांच्या धुरळ्यातून आम्ही अक्षरशः धावलो. पाठीशी वाजंत्रीवाला धावत धावत सनई वाजवत होता, ती ऐकून कुत्री मागे लागली. वेशीवर पोचेतो अंधारून आलं होतं. गोरज गेला होता.

गावात शिरलो तर गाव पळायला लागलं. ते लढाईचे दिवस. सरकार लेव्हीची ज्वारी घरोघर जाऊन वसूल करत होतं, आणि ज्याने लपवली नाही असा शेतकरी मला तरी माहीत नाही. बंदूक, संगीन आणि जमादाराची टोपी बघून लोकांना वाटलं धाड आली. "पोलीस! पोलीस!" दारं लागली. मांडवात गेलो तर पंगतीतल्या पत्रावळी अर्ध्या टाकलेल्या. भटजी रुखवताच्या मेजाखाली. सासरे, ते वेळेचे पक्के सासरे, परसात कडब्याच्या गंजीआड उकिडवे बसलेले, ते नंतर सापडले.

मांडवात एकटी ती होती. पाटावर उभी, हातात हार. शेजारी दुसरा पाट होता, आणि त्या पाटावर एक नवाकोरा फेटा पडलेला होता. फेट्यातलं डोकं कुठे दिसत नव्हतं.

तिने बंदुकीकडे पाहिलं, जमादाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुटलात का?" तिने विचारलं.

मला वाटलं, कामातून सुटलात का असं म्हणायलीय. मी म्हणालो, "हो."

पुढचं पटापट झालं. सासऱ्यांना गंजीआडून काढलं, ज्वारीचं काही नाही अशी जमादाराने हमी दिली. मुहूर्त गेला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण बंदूक माझ्या हातात होती आणि भटजींची नजर संगिनीवर होती. भटजींनी पंचांग न उघडताच सांगितलं, की मुहूर्त आत्ताच लागतोय आणि असा मुहूर्त बारा वर्षांत आला नव्हता. अंतरपाट धरला. अंतरपाटाच्या वर संगीन आणि लिंबू निघालेलं, त्यामुळे अक्षता लोकांनी लिंबावरच टाकल्या. हार घालायला तिला बंदुकीला वळसा घालावा लागला. हार पार कोमेजलेला होता, पाकळ्या माझ्या अंगरख्यावर गळून पडल्या. आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हार तरी ताजा करायचा की वो. शिळा घातलाय." मलाही ते लागलं. सासरे कंजूष आहेत एवढीच मी तेव्हा मनाशी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात हळद उतरवायची होती. तोपर्यंत पाचसहा धट्ट्याकट्ट्या माणसांनी संगीन ओढून बघितली होती. तेल झालं, राख झाली, एकाने बैलही लावू का म्हणून विचारलं. जमादार हवालदिल. दोन संगिनी आहेत, पण एक बंदूक नवरदेवासकट परत न्यावी लागणार, असं त्याला दिसत होतं. आमच्याकडे हळद उतरवताना एक खेळ असतो. नवरदेव सुपारी मुठीत घट्ट धरतो आणि नवरीने ती एका हाताने सोडवायची. माझ्या मुठीत सुपारीला जागाच नव्हती. बाया म्हणाल्या, "हेच सोडव." सगळे हसले.

ती पुढे आली. तिने संगिनीची नळी नीट बघितली. वाकडी खाच बोटाने चाचपली, बंदुकीच्या टोकावरचा लोखंडी दाणा त्या खाचेच्या वळणात जाऊन बसलेला होता तो बघितला. मग एका हाताने नळी धरून जराशी फिरवली आणि संगीन अलगद वर उचलली.

"वढायची नसती," ती म्हणाली. "फिरवायची असती."

जमादाराने आधी सुटलेली बंदूक छातीशी धरली. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बेटी, तू चौकी में होती तो मैं घर जा के सोता."

संगीन त्याच्यासोबत गेली. साहेबांनी ती मोजली होती, म्हणजे ती आता सरकारची. सरकारने एकदा विसरलेली वस्तू चाळीसेक वर्षांनी सरकारजमा झाली, थोरले आजोबा असते तर त्यांनी कपाळ बडवलं असतं. पण जमादार दिलदार. गावात लग्न निघालं की चौकीतून संगीन मिळायची, हळद उतरली की परत जायची. शिवाय साहेबांच्या वहीतून निघून तो लिंबाचा हुकूम खरोखरच आला, आणि आसपासच्या चौक्यांतले जवान आमच्या मळ्यातल्या झाडाची लिंबं नेऊ लागले. गंज अर्थातच वाढला.

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं, चौकीत नवी माणसं आली. जमादार आपल्या लेकीकडे हैदराबादला गेला असं कळलं. त्या दिवसांत कोण कधी कसा गेला हे विचारायची सोय नव्हती, आणि आम्ही विचारलं नाही. त्याला निरोप द्यायला मी गेलो नाही याची मला आजही लाज वाटते. संगीन कुठे गेली ते ठाऊक नाही.

घरी आल्यावर दोन दिवस नव्या सुनेला भाकरी थापता येईना. पीठ हातातून सुटे, भाकरी चिरे. आत्याने गावभर केलं, की सून बोलायला पुढं अन् कामाला मागं. पुढे तिच्यासारखी भाकरी आमच्या घरात कोणाला जमली नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि मी ही गोष्ट सांगत राहिलो. शाळेत सांगितली, लग्नाकार्यात सांगितली, मुलांना, मग नातवंडांना. शेवट ठरलेला. आमच्या संगिनीने सगळ्या जन्मात एकच लढाई जिंकली. ती बघून नव्या फेट्यातला गडी फेटा टाकून पळाला, आणि म्हणून तुमची आजी मला मिळाली. इथे पोरं टाळ्या पिटत.

चार वर्षांमागे एका दुपारी मी असाच टाळ्यांपर्यंत आलो. ती ओसरीवर सूप घेऊन तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. पोरं खेळायला पांगल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "तो बंदुकीला भ्याला न्हवता."

"मग?"

"तुमी यायच्या लय आधी गेला होता. मीच जा म्हणले."

मग तिने सगळं सांगितलं. पॅसेंजर पकडलेल्या त्या कासाराने दुपारीच त्यांच्या गावात जाऊन सांगितलं होतं, की नवरदेवाला चौकीत धरलाय, दोन पोलिसांच्या मधे उभा केलाय, मी डोळ्यांनी बघितला. सासऱ्यांनी लगेच भटजींना जवळचा मुहूर्त काढायला लावला. आतेभावाला फेटा बांधून पाटावर बसवला. हिच्या हातात हार दिला.

"मी म्हणले, धरलाय तर सुटंल की. मी थांबते."

"अन् तुझे बा काय म्हणले?"

"म्हणले, ह्याच्या गळ्यात घाल, न्हाईतर हार खाली ठेव अन् घरात जाऊन बस. खाली ठेवला असता तर तिथंच मोडलं असतं. न्हाई ठेवला. तो बिचारा घडीभर बसला, मग फेटा काढून गेला." तिने एक खडा अंगणात टाकला. "तुमाला न्हवतं का लोखंड खाली ठेवायचं? मग मला हार कसा ठेवता येईल?"

तिसऱ्या प्रहरापासून अंधार पडेपर्यंत. गळ्यात पडला तेव्हा त्याच्या पाकळ्या गळत होत्या, आणि मी मनात सासऱ्यांना कंजूष म्हणत होतो.

"हात अवघडला असंल," मी म्हणालो.

"अवघडला की. दोन दिस भाकर थापता येईना. तुमच्या आत्यानं गावभर केलं."

"तवाच सांगायचं न्हाई का?"

"तुमीच तर समद्यांना सांगायलात ना इतकी वर्षं. म्हणले, सांगू दे."

मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि तिच्या हातातलं सूप काढून घेतलं. मला खडे दिसत नव्हते, पण मी वेचत राहिलो.